फायनान्समध्ये काम करायचं तर नाशिकमध्ये राहावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.बी.ए. फायनान्स झालंय. घर सिडकोत, वडील अंबडच्या कारखान्यातून पुढच्या वर्षी निवृत्त होतील. हातात दोन नोकऱ्या आहेत. एक मुंबईला, मोठ्या वित्त कंपनीच्या ॲनालिसिस विभागात. दुसरी इथेच, एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात, पगार जवळपास निम्मा. मित्र म्हणतात, नाशिकमध्ये फायनान्स म्हणजे विमा विकणं आणि वसुलीला फिरणं. तुम्ही विचारलंय की नाशिकच्या वित्त क्षेत्रात खरंच काही ताकद आहे का, की घरच्या ओढीपायी तुम्ही स्वतःची समजूत घालताय.

मी १९९७ पासून नाशिकमध्ये कर्जाचं काम करते. सतरा वर्षं बँकेत होते, त्यानंतर स्वतंत्रपणे शेतकऱ्यांचे आणि छोट्या कारखानदारांचे कर्जप्रस्ताव करते. त्यामुळे मी सांगेन ते कर्जाच्या बाजूने सांगेन. शेअर बाजारात काम करणारा माणूस याच प्रश्नाचं उत्तर वेगळं देईल आणि त्याचंही खरं असेल.

जे इथे नाही ते आधी सांगते. ट्रेझरी (बँकेच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या पैशाचं नियोजन), फंड मॅनेजमेंट, इन्व्हेस्टमेंट बँकिंग, मोठ्या कंपन्यांची रोखे उभारणी हे करायचं असेल तर मुंबईला जा, दुसरा विचार करू नका. ती कामं जिथे होतात तिथेच शिकता येतात. नाशिकला नोटा छापल्या जातात हा अभिमानाचा विषय आहे. १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेस नाशिकरोडला आहे. पण छापखाना म्हणजे वित्त क्षेत्र नव्हे. प्रेसमुळे आपल्याला मिळालं ते वेगळंच: पिढ्यान्‌पिढ्या नियमित पगार घेणारी हजारो घरं. त्याकडे पुढे येते.

मग खरा प्रश्न उरतो तो असा: कर्ज म्हणजे काय, पैसा कुठून येतो, कधी येतो आणि कधी येत नाही, हे शिकायला नाशिकसारखी जागा आहे का? माझं उत्तर हो असं आहे. त्याचं कारण पटायला बागेतून सुरुवात करावी लागेल.

बँकेतल्या माझ्या सुरुवातीच्या वर्षांत दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराचं ट्रॅक्टरचं कर्ज माझ्याकडे आलं. खातं दरवर्षी जून-जुलैत थकायचं, ऑगस्टमध्ये नोटीस जायची आणि एप्रिलमध्ये सगळं भरून टाकलेलं असायचं. तीन वर्षं हाच प्रकार. फाइलवर कुणीतरी लाल पेनाने ‘अनियमित कर्जदार’ लिहून ठेवलं होतं. मी नोटीस घेऊन स्वतः गेले. त्यांनी वाद घातला नाही, ओट्यावर बसवलं आणि घरातून वही आणून समोर ठेवली. एप्रिलची खरड छाटणी, तिची मजुरी. मग ऑक्टोबरची गोड्या बहाराची छाटणी, आणि तिथून पुढे पान भरून खर्च: फवारणी, मणी फुगवणाऱ्या जीएच्या बुडवण्या, विरळणी, डाऊनी रोगाची औषधं, कृषी सेवा केंद्राची उधारी. जमेच्या बाजूला पूर्ण वर्षात चारच नोंदी, सगळ्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतच्या. ते म्हणाले, “मॅडम, तुमचा हप्ता महिन्याचा आहे, माझी बाग वर्षाची आहे.”

चूक आमची होती. नोकरदाराच्या गाडीला लावतो तसा मासिक हप्ता आम्ही द्राक्षबागेला लावला होता. शेतीच्या मुदत कर्जाचा हप्ता पिकाच्या हंगामाला जोडता येतो. बिगरशेती कर्ज ९० दिवस थकलं की एनपीए (अनुत्पादक कर्ज) होतं, पण शेतीकर्जाला पिकाच्या हंगामाचा हिशोब लावायचा असतो. नियमात हे आहेच, फक्त हप्ता ठरवणाऱ्याला बाग माहीत असावी लागते. आम्ही तो हप्ता वर्षातून एकदा, एप्रिलअखेर केला. त्यानंतर ते खातं एकदाही थकलं नाही.

ही गोष्ट एवढी लांबवून सांगते कारण नाशिकच्या वित्त क्षेत्राचं मर्म तिच्यात आहे. इथला पैसा हंगामाने चालतो, आणि तो हंगाम ज्याला डोळ्यांनी ओळखता येतो त्याचं कर्ज बुडण्याची शक्यता कमी होते.

द्राक्षाच्या वित्तपुरवठ्याचा एक मोठा भाग कुठल्याच बँकेच्या ताळेबंदात दिसत नाही. हेक्टरी किती पीककर्ज द्यायचं, हे दरवर्षी जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, आणि वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत. कागदावर हे उत्तम आहे. पण निर्यातीच्या बागेचा प्रत्यक्ष खर्च त्या हेक्टरी रकमेच्या बराच वर जातो, आणि मधली दरी औषध दुकानाची उधारी भरून काढते. उधारीवर व्याज लिहिलेलं नसतं, ते औषधाच्या किमतीत असतं. शेतकऱ्याचं कर्ज किती, हे फक्त सात-बाऱ्यावरच्या बोज्यावरून मोजणारा अधिकारी निम्मंच मोजतो. मी नेहमी विचारते, “दुकानाचं किती देणं आहे?” आणि गप्प बसते. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं.

दुसरा प्रश्न: माल कुणाला देणार? आपल्याकडे शिवार सौदा चालतो. व्यापारी बागेत येतो, भाव ठरतो, माल भरला जातो, पैसे नंतर. दरवर्षी दोन-चार व्यापारी पैसे बुडवून पळाल्याच्या बातम्या निफाड-दिंडोरीकडून येतातच. निर्यातीच्या बागेचं तसं नसतं. तिचा प्लॉट अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत नोंदलेला असतो, क्षेत्र आणि वाण तिथे असतं, औषधांच्या अवशेषांची तपासणी झाल्याशिवाय माल युरोपला जात नाही. ही नोंदणी निर्यातीसाठी आहे, पण कर्ज देणाऱ्याला ती फार उपयोगी पडते, कारण बाग आहे, चालू आहे आणि तिच्या मालाला शिस्तीचा खरेदीदार आहे, हे एका कागदावर कळतं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ साली युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. शेतकऱ्यांच्या कंपनीत परदेशी भांडवल येतं ते अशाच नोंदींच्या शिस्तीवर विसंबून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाईन बनवणारी सुला शेअर बाजारात नोंदली गेली. दोन्ही कंपन्यांच्या मुळाशी याच जिल्ह्यातला द्राक्षवेल आहे.

कांद्याचं गणित याच्या उलट. लासलगाव ही आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ समजली जाते. तिथे लिलाव झाला की नियमाप्रमाणे पैसे त्याच दिवशी मिळायला हवेत. म्हणजे व्यापारी पळून जाण्याची भीती कमी, पण भावाची भीती मोठी. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि कांदाचाळीत पाच-सहा महिने टिकतो. शेतकरी तो ठेवतो ते पावसाळ्यानंतरच्या भावाच्या आशेवर. आणि मग एक अधिसूचना येते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, लिलाव बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत राहिली. चाळीत तोच कांदा, पण त्याची किंमत दिल्लीत एका दिवसात बदलली. हा धोका कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही आणि सिबिल स्कोअरमध्ये तर नाहीच. सोयाबीन-मक्याला गोदामाच्या पावतीवर तारण कर्ज मिळतं. चाळीतला कांदा सडतो, वजनात घटतो, म्हणून त्यावर कर्ज द्यायला बँका धजावत नाहीत. हा प्रश्न अजून कुणी नीट सोडवलेला नाही. तुमच्या पिढीतल्या कुणीतरी तो नाशिकमध्ये बसूनच सोडवावा, असं मला मनापासून वाटतं.

आता अंबड-सातपूरची औद्योगिक वसाहत. महिंद्रा, बॉश यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांभोवती शेकडो छोटे पुरवठादार वाढले. दोन सीएनसी मशीन, पत्रा दाबायचं एक प्रेस मशीन, आठ-दहा कामगार. त्यांचं दुखणं नफ्याचं नसतं, वाट पाहण्याचं असतं. माल आज गेला, बिलाचे पैसे ६० नाहीतर ९० दिवसांनी. पण पोलाद रोख घ्यायचं, पगार सात तारखेला द्यायचा. ही मधली पोकळी भरणारं कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवं तेव्हा काढता-भरता येणारं कर्ज, हीच नाशिकच्या औद्योगिक कर्जाची रोजची भाकरी आहे. पाच कोटींपर्यंतच्या मर्यादेला अंदाजित उलाढालीच्या २० टक्के हा साधा हिशोब चालतो. मात्र अर्जातली उलाढाल खरी की फुगवलेली, हे कळण्यासाठी शेडमध्ये जावं लागतं. मी आधी वीजबिल मागते, मग गेटपासची वही, आणि शेवटी शेडच्या मागे जाऊन लेथच्या बरचा, म्हणजे कापलेल्या धातूच्या किसाचा, ढीग बघते. ढीग लहान आणि स्टॉक स्टेटमेंट (बँकेला दिलेला मालसाठ्याचा तक्ता) मोठं असेल तर मी पुढचा प्रश्न विचारते.

इथे गेल्या काही वर्षांत कायद्यानेही थोडा हात दिला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही, ही आयकराची ४३बी(एच) तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. २५० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी सक्तीची झाली, म्हणजे पुरवठादार आपलं बिल तिथे लिलावात काढून लवकर पैसे घेऊ शकतो. पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांना ट्रेड्स हे नाव ऐकूनच माहीत असतं. त्यांना हाताला धरून पहिलं बिल चढवून देणारा माणूस हवा आहे. ते कामही वित्त क्षेत्राचंच आहे.

इथपर्यंत आलोय तर मुख्य मुद्दा सांगते. शेती, कारखाना आणि पगार हे तीन पैसे मी वेगवेगळे सांगितले, पण नाशिकमध्ये ते वेगवेगळे राहत नाहीत. अंबडमध्ये प्रेस शॉप असलेल्या माणसाची निफाडला चार एकर बाग असते. एच.ए.एल.मध्ये ओझरला नोकरी करणाऱ्याचा भाऊ पिंपळगावला टोमॅटोचा व्यापार करतो. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या वडिलांच्या पैशातून मुलाचं पहिलं मशीन येतं. मी एकदा एका पुरवठादाराचं कॅश क्रेडिट मे महिन्यात मर्यादेबाहेर गेलेलं पाहिलं. ऑर्डर भरपूर होत्या, ग्राहक वेळेत पैसे देत होता, कागदावर कारण सापडेना. कारण निफाडला होतं. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, मण्यांना तडे गेले, बागेचे पैसे आले नाहीत, आणि गावाकडची देणी शेडच्या खात्यातून भागवली गेली. एकाच घराच्या दोन वह्या होत्या आणि आम्ही एकच पाहिली होती.

मुंबईत बसलेल्या ॲनालिस्टला जीएसटी रिटर्न दिसतं, बँक स्टेटमेंट दिसतं, स्कोअर दिसतो. आता ही माहिती पूर्वीपेक्षा कितीतरी सहज मिळते आणि तिची किंमत मी कमी लेखत नाही. पण निफाडचा पाऊस आणि अंबडचं खातं यांचा संबंध त्याला लागत नाही. इथल्या चांगल्या शाखाधिकाऱ्याला तो पावसाच्या दुसऱ्या दिवशी लागतो. नाशिकच्या वित्त क्षेत्राची ताकद तुम्ही विचारलीत, तर ती ही आहे.

याच ताकदीचा भाग म्हणजे पतसंस्था आणि त्यांचे दैनंदिन ठेव गोळा करणारे प्रतिनिधी. रविवार कारंजापासून मेनरोड, भद्रकालीपर्यंत छोटं मशीन घेऊन दुकानोदुकानी फिरणारा तो माणूस कुणाचा गल्ला कधी भरतो आणि कुणी तीन दिवस पैसे टाळले, हे सगळं जाणतो. त्याचं ज्ञान कुठल्या अहवालात येत नाही. मी बँकेत असताना दुकानदाराच्या कर्जाआधी अशा प्रतिनिधीशी चहा पीत बोलून यायचे. मी घेतलेल्या उत्तम निर्णयांपैकी काही त्या चहावर झाले.

पण ओळखीची हीच जागा घातही करते, आणि हे मी लपवणार नाही. मी जिथे काम केलं त्यातल्या एका संस्थेत एका बांधकाम व्यावसायिकाच्या कर्जावर मी लेखी विरोध नोंदवला होता. जमिनीच्या फेरफारात घोळ होता, मालकीचा शोध अहवाल अर्धवट होता. एका संचालकांनी ‘घरचा माणूस आहे’ म्हटलं आणि कर्ज मंजूर झालं. दोन वर्षांत ते बुडीत गेलं. ठेवीदारांत माझ्या ओळखीच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना तोंड द्यायला मला अजून जड जातं. ओळखीतून माहिती मिळवायची असते, मंजुरी नव्हे. सहकारात हा फरक पुसला गेला तिथे संस्था बुडाल्या. आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेची थकबाकी वर्षानुवर्षं चर्चेत आहे, आणि तिचा भार गावागावातल्या विकास सोसायट्यांवर, म्हणजे पुन्हा त्याच पीककर्जावर पडतो. कर्जमाफ्यांचाही, २००८, २०१७ आणि २०१९, परतफेडीच्या सवयीवर परिणाम झाला. अडचणीतल्या शेतकऱ्याला दिलासा मिळायलाच हवा, पण वेळेवर भरणाऱ्याच्या मनात काय येतं हे मी समोर बसून ऐकलंय.

तुमच्या घरासाठी एक सांगते, वडील निवृत्त होताहेत म्हणून. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीचा सगळा पैसा एका पतसंस्थेत ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. तेवढं टाळा.

इन्व्हेस्टमेंट सल्ला, म्युच्युअल फंड वितरण, सराफ बाजारालगतचा सोनेतारणाचा व्यवसाय, डब्ल्यूएनएस किंवा डेटामॅटिक्ससारख्या कंपन्यांची बॅक ऑफिस कामं, हेही नाशिकमध्ये आहे आणि त्यात नोकऱ्या आहेत. पण तुमच्यासमोरच्या दोन पर्यायांत ते नाहीत म्हणून लांबवत नाही.

आता निर्णयाकडे. हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत. घरावर कर्ज आहे का, म्हणजे निम्म्या पगारात पहिली तीन वर्षं निघतील का. तुम्हाला माणसांशी बोलण्यात रस आहे की आकड्यांशी. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: इथली नोकरी नेमकी काय आहे. ‘कर्ज विभाग’ या नावाखाली दोन अगदी वेगळी कामं असतात. एकात तुम्ही प्रस्ताव तपासता, जागेवर जाता, टिपण लिहिता. दुसऱ्यात तुम्हाला महिन्याचं टार्गेट असतं आणि तुम्ही फक्त फॉर्म भरून आणता. पहिलं काम असेल तर निम्मा पगारसुद्धा शिकण्याची फी समजून घ्या. दुसरं असेल तर मुंबईला जा, कारण मग इथे राहूनही नाशिक शिकायला मिळणार नाही.

मुलाखतीत सरळ विचारा: महिन्याला किती स्थळपाहण्या असतात? तपासणी अहवालावर माझी सही असेल का? माझा शेरा प्रतिकूल असेल तर तो फाइलवर राहतो का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस थबकला तर त्याची नोंद घ्या. रुजू झालात तर पहिल्या वर्षात जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या परीक्षेला बसा, आणि त्याचबरोबर सात-बारा, आठ-अ, फेरफार, इंडेक्स टू हे जमीन-मालमत्तेचे कागद न अडखळता वाचायला शिका. कॉलेजमध्ये हे कुणी शिकवत नाही आणि इथे यावाचून पान हलत नाही.

रुजू होण्याआधी एक सकाळ काढा. पहाटेची गाडी धरून पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजार समितीत जा, ट्रॅक्टरच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणाशीही बोला. भाव विचारू नका, तो फलकावर असतो. विचारा की आजच्या पैशातून पहिलं देणं कुणाचं भागवणार. दहा जणांची उत्तरं वहीत लिहून घ्या आणि मग दोन्ही ऑफर लेटर पुन्हा वाचा.